तुरटीचा हात

आष्ट्याच्या चौकात मांडव घालून अकरा दिवस झाले होते. मांडवाच्या मधोमध पांढऱ्या गादीवर बसलेल्या महिपती काशीदला मनातून एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी यावं आणि आपली कॉलर धरावी. पण येणारा जो तो त्याच्या पाया पडत होता.

पडणार नाहीत तर काय करतील? अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, साखरेचं दुखणं अंगात, आणि खोत सरांच्या न्यायासाठी लिंबूपाण्यावर बसलेला. धंद्यानं न्हावी, पेठेत त्याचं दुकान. पण गाव त्याला ओळखायचं ते मालिशवाला महिपाअण्णा म्हणून. जालिंदर खोत स्वतः कबड्डी खेळायचे तेव्हापासून त्यांच्या पिंढऱ्या यानंच रगडल्या. पुढं खोत सर 'कृष्णाकाठ' संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा अख्ख्या संघाच्या पाठी याच्या हाताखालून गेल्या. अशा माणसानं उपोषणाला बसायचं नाही तर कुणी बसायचं, असं चाहता मंडळाचा अध्यक्ष धनंजय म्हणाला होता आणि त्यानंच गादी आणून टाकली होती.

बाराच्या सुमाराला धनंजयच्या फोनवर अपिलाचा निकाल आला. त्यानं माइक हातात घेतला आणि एका दमात वाचला. प्रशिक्षक जालिंदर खोत यांच्यावरची आजन्म बंदी कायम. अंतिम सामन्यातला शेवटचा गुण रद्द. चषक परत करावा. बस्स, तीन ओळी.

 मांडवात मागून कुणीतरी शिवी हासडली आणि बघता बघता सगळा चौक पेटला. बंदीचं दुःख होतंच, पण लोकांना जिव्हारी लागला होता तो गुण. तो शेवटचा गुण शंभूराज मगदूमनं घेतला होता, मरता मरता. मेलेल्या पोराच्या हातातला गुण यांनी हिसकावून घेतला, असं जो तो म्हणत होता आणि म्हणताना रडत होता. महिपतीही रडत होता. फक्त त्याचं रडण्याचं कारण निराळं होतं आणि ते सांगायची त्याची छाती होत नव्हती.

आता हे प्रकरण नीट सांगायचं तर दमपट्टीपासून सुरुवात करायला हवी.

दख्खन कबड्डी लीगमध्ये सहा वर्षांपूर्वी एकाच हंगामात दोन पोरं खेळता खेळता मैदानावरच मेली. वरून धडधाकट, आतून कोरडी पडलेली. तेव्हापासून प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर, खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये, एक पट्टी चिकटवायचा नियम आला. पोह्याच्या पापडाएवढी, पातळ, कातडीच्या रंगाची. घामातून अंगातलं मीठ किती चाललंय, त्यातही हृदयाला लागणारं पोटॅशियम किती उरलंय, हे ती दर सेकंदाला मोजायची, आणि जोडीला हृदयाचे ठोके. ही सगळी माहिती जायची संगणकाकडं. संगणकात प्रत्येक खेळाडूची एक सावली असायची. सावली म्हणजे त्या पोराच्या वर्षभराच्या घामावरून आणि ठोक्यांवरून तयार केलेलं त्याच्या शरीराचं गणित. ही सावली पोराच्या दहा मिनिटं पुढं खेळायची. सावली दमली की प्रशिक्षकाच्या समोर पिवळा दिवा लागायचा, सावली कोसळली की लाल. लाल लागला की खेळाडू बाहेर, तिथं कुणाचं चालत नसे. पिवळ्याला मात्र काय करायचं ते प्रशिक्षकानं ठरवायचं.

खोत सर पिवळ्याला फारसं जुमानत नसत. पिवळा म्हणजे पोरगा आत्ता कुठं तापलाय, असं ते हसत म्हणायचे, कॅमेऱ्यासमोरसुद्धा म्हणायचे. ते पुढं अंगाशी आलं.

आणि महिपती? लीगच्या लेखी महिपती नव्हताच. संघाबरोबर सात माणसं नेमून दिलेली, त्यांत मालिशवाला नाही, कारण मालिशला खुर्ची होती, बटण दाबलं की रगडणारी. पण खुर्चीला कुठला स्नायू रुसलाय ते कळत नाही, असं सर म्हणायचे आणि स्वतःच्या नावावरच्या पाहुण्याच्या तिकिटावर महिपतीला दर सामन्याला घेऊन जायचे. तो सामन्याआधी अर्धा तास पोरांच्या खोलीत जायचा, हात फिरवायचा आणि पुढं खुर्चीत जाऊन बसून ओरडायचा. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. त्यात चोरी आहे असं कुणाला कधी वाटलं नाही.

अंतिम सामना पुण्यात होता. सकाळी महिपती गाडीत बसायला निघाला तेवढ्यात सारिकाचा फोन आला. सारिका म्हणजे शंभूराजची आई, गावातच अंगणवाडी चालवते. तिचा नवरा महिपतीचा जिवाभावाचा दोस्त होता. तो अपघातात गेला तेव्हा शंभू तीन वर्षांचा होता, आणि तिथून पुढं तिनं त्याला एकटीनं वाढवलं. शंभूला दोन दिवस जुलाब-उलट्या होत होत्या, आणि हे त्यानं संघात कुणाला सांगितलं नव्हतं. देशाच्या संघासाठी पोरं निवडणारी माणसं त्या दिवशी सामन्याला येणार होती. हा दिवस हुकला तर पुन्हा चार वर्षं.

"सरांना सांगू नका अण्णा, सर बसवतील त्याला," ती म्हणाली होती. "तुमच्या हाताला गुण आहे. आजचा दिवस माझ्या पोराला उभा करा."

महिपती हो म्हणाला. तिला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

खोलीत शंभू पालथा पडला होता. अंग गार आणि पाठीवर घाम डवरलेला. लीगची पोरगी पट्टी लावून गेली होती, पण घामानं पट्टीची एक कड सुटली होती. शंभू म्हणाला, अण्णा, हे सुटतंय बघा, पुन्हा तिला बोलावलं तर ती सतरा प्रश्न विचारेल. तेव्हा महिपतीनं जे केलं ते डोक्यानं केलंच नाही, त्याच्या हातांनी केलं. चाळीस वर्षं दाढी करताना गिऱ्हाइकाला जखम झाली की जे हात आपसूक करायचे, तेच. त्यानं पिशवीतून तुरटीचा खडा काढला, पाण्यात बुडवला, पट्टी उचलून तिच्याखाली आणि भोवताली दोन-तीनदा फिरवला, टॉवेलनं पाठ कोरडी केली आणि पट्टी दाबून बसवली. घाम थांबला. पट्टी घट्ट चिकटली. शंभूच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, जा लेका, वाजव.

तुरटी कातडीची तोंडं मिटवते, रक्ताचीही आणि घामाचीही. हे प्रत्येक न्हाव्याला माहीत असतं. ती पट्टी घामावरच जगते, हे महिपतीला माहीत नव्हतं. तो समजायचा की ती नाडी बघते. कोरड्या पडलेल्या कातडीवरून ठोकेही अडखळत येऊ लागले, तेव्हा संगणकानं ते पट्टी नीट टेकली नाही म्हणून बाजूला सारले आणि सगळा भरवसा घामावर ठेवला. घाम थोडा, म्हणजे मीठ थोडं गेलं, म्हणजे पोरगा ताजातवाना. शंभूची सावली निवांत बसून राहिली आणि खरा शंभू आतून आटत गेला. चाळीस मिनिटं खोत सरांच्या समोर हिरवा दिवा जळत होता.

शेवटची चढाई शंभूची. गुण बरोबरीत. त्यानं डाव्या कोपऱ्यातला गडी शिवला, दोघांनी घोटा धरला, तिसरा अंगावर आला. 'कबड्डी, कबड्डी' म्हणत तो पोटावर सरपटत आला आणि त्याचा हात मध्यरेषेला लागला. शिट्टी झाली. स्टेडियम उठून नाचायला लागलं. महिपतीही खुर्चीवर चढून नाचत होता. हात रेषेवर तसाच ठेवून पडलेला शंभू उठत नाही, हे त्याच्या सगळ्यांत शेवटी लक्षात आलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची लय तुटली, त्याला कळलंसुद्धा नसेल.

पट्टीची तपासणी झाली. तिच्यावर अॅल्युमिनियमचा एक क्षार सापडला. कुणीतरी मुद्दाम पट्टी आंधळी केली, असं ठरलं. कुणी केली, हे शोधायचं काम 'निवाडा'कडं गेलं.

निवाडा म्हणजे लीगचं न्याय करणारं यंत्र. पूर्वी माणसांची समिती असायची, ती पैसे खायची, म्हणून लोकांनीच आरडाओरडा करून हे यंत्र आणवलं होतं. निवाडा साक्षीदार बोलावत नाही. तो माणसाचा आजवरचा सगळा वावर चाळतो. खोत सरांचे एकोणीस वर्षांचे सामने, मध्यंतरातलं त्यांचं बोलणं, आवाजातला चढउतार, सगळं त्यानं चाळलं. पट्टी आल्यापासून पिवळा दिवा दोनशे बारा वेळा लागला होता, त्यातल्या एकसष्ट वेळा सरांनी पोराला आतच ठेवलं होतं. पट्टीपर्यंत पोचू शकणारी संघाची माणसं सातच. त्या सातांमध्ये संशय वाटला गेला आणि सरांच्या वाट्याला शंभरातले एक्क्याण्णव आले. ऐंशीच्या वर गेलं की शिक्षा, असा नियम. आठवा माणूस निवाड्याच्या यादीत नव्हता, त्यामुळं आठव्यावर संशय घ्यायची सोयच नव्हती.

चाहते भडकले ते इथंच. केल्याचा पुरावा नाही, नुसता स्वभाव बघून माणसाला फासावर कसं देता, असा त्यांचा सवाल होता आणि तो काही चुकीचा नव्हता. मात्र दोन वर्षांपूर्वी याच निवाड्यानं नगरच्या संघाच्या प्रशिक्षकाला त्र्याऐंशी गुणांवर घरी बसवलं, तेव्हा याच चौकात फटाके फुटले होते आणि पेढे वाटले होते. पेढ्यांचं ताट महिपतीच्याच हातात होतं. ते आता कुणी आठवत नव्हतं.

महिपतीला आपलं पाप कळलं ते औषधाच्या दुकानात. साखरेच्या गोळ्या घेताना त्यानं सहज विचारलं, हा अॅल्युमिनियमचा क्षार म्हणजे असतं तरी काय. दुकानदार हसला आणि म्हणाला, अण्णा, तुमच्याच दुकानात पडलेला असतो की, तुरटी. महिपती गोळ्या तिथंच विसरून घरी आला. त्यानं बायकोला, पार्वतीला, सगळं सांगितलं. तिनं आधी दार लावलं. मग पिशवीतला तुरटीचा खडा काढून मोरीत टाकला आणि वर पाणी ओतलं. "पोरगा परत येणार हाय का?" ती म्हणाली. "लोक घर जाळतील आपलं. तोंडातून शब्द काढू नका." आणि दुसऱ्याच दिवशी धनंजय गादी घेऊन आला. खरं बोलण्यापेक्षा न्यायासाठी ओरडणं फार सोपं होतं. महिपती ओरडत राहिला.

अपील फेटाळलं त्या दुपारी चौकातला जमाव सांगलीला लीगच्या तपासणी केंद्रावर गेला. घोषणा झाल्या, मग दगड सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात पेपर आला आणि पहिल्याच पानावर अमृताचा फोटो होता. पट्टी लावणारी तीच ती पोरगी. दगड तोंडावर बसला, डावा डोळा गेला. वय चोवीस. या पोरीनं एकदा महिपतीला चहा पाजला होता आणि तुमच्या तेलात काय काय असतं ते मला शिकवा ना काका, असं म्हणाली होती. मांडवातले काही जण फोटो बघून म्हणाले, बरं झालं, पट्टी तिनंच लावली होती.  महिपती गादीवरून उठला, कोपऱ्यातली केळी सोलून खाल्ली आणि कुणाशी न बोलता पुण्याच्या बसमध्ये जाऊन बसला.

लीगच्या कार्यालयात नाडकर्णी मॅडम म्हणून एक बाई तक्रारी ऐकायच्या. त्यांनी महिपतीला बसवलं, पाणी दिलं आणि मध्ये एकदाही न तोडता सगळं ऐकून घेतलं. ती सुटलेली कड, तो खडा. सारिकाचा फोन आला होता, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. पोराचं पोट बिघडल्याचं मला दिसलं, एवढंच म्हणाला. त्यांनी जबाब जसाच्या तसा निवाड्याला दिला. तीन मिनिटांत पडद्यावर उत्तर आलं.

शंभरात चार. जबाब खरा असण्याची शक्यता, शंभरात चार.

कारणंही खाली होती, ती मॅडम वाचून दाखवत गेल्या. जबाब देणारा अधिकृत यादीत नाही. एकोणीस वर्षं प्रशिक्षकाचा निस्सीम भक्त. त्याच्यासाठी अकरा दिवस उपाशी बसला. अपील फेटाळल्यावर लगेच कबुली द्यायला आला. जगभरातल्या अशा तीनशे बारा कबुल्या निवाड्याला ठाऊक होत्या आणि त्यातल्या दोनशे अठ्ठ्याण्णव आपल्या माणसाला वाचवण्यासाठी दिलेल्या, खोट्या निघाल्या होत्या. क्षाराचं नाव तर सगळ्या बातम्यांत येऊन गेलं होतं. खोलीत कॅमेरे नव्हते, कारण पोरं कपडे बदलतात. पाहुण्याच्या तिकिटावरून तो खुर्चीत बसला होता एवढंच सिद्ध होत होतं.

महिपतीनं हात जोडले. म्हणाला, मॅडम, मला शिक्षा द्या, मी मागतोय तर द्या. विसाच्या खाली असेल तर चौकशीसुद्धा उघडता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मला तुमचं खरं वाटतंय, काशीद," त्या म्हणाल्या. "पण माझ्या वाटण्याला आता इथं जागा नाही. आम्हीच ती काढून टाकली."

तिथून तो सरळ पोलिसात गेला. फौजदार निघाला मिरजेकडचा, कबड्डीवेडा. त्यानं महिपतीला खुर्ची दिली, चहा मागवला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, अण्णा, सरांसाठी एवढं करणारा माणूस मी आजवर बघितला नाही, आता घरी जा आणि दोन घास खा. तक्रार त्यानं लिहून घेतली नाही.

महिपती आष्ट्याला उतरला तेव्हा स्टँडवर ढोल वाजत होते. जबाबाची बातमी त्याच्याआधी पोचली होती. चौकात खोत सरांच्या शेजारी त्याचा फोटो लागला होता आणि खाली लिहिलं होतं : त्यागमूर्ती महिपाअण्णा. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्यानं धनंजयच्या हातातला माइक ओढून घेतला आणि जीव तोडून सांगितलं की बाबांनो, मी मोठेपणासाठी बोलत नाही, मीच केलंय, माझ्या या हातानं तुरटी लावली. बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अशा देवमाणसाला लीग खोटारडा म्हणते, म्हणून राग दुप्पट झाला आणि त्या संध्याकाळी हायवेवर दोन गाड्या फुटल्या.

उरले खोत सर. त्यांना तर पटेल, त्यांनीच तर आपल्याला त्या खोलीत नेलं होतं, या आशेवर महिपती दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेला. सर परसात बाजेवर बसले होते. दाढी वाढलेली, मांडीवर टॅबलेट. त्यावर जुन्या सामन्यांचे तुकडे एकामागून एक चालू होते. निवाड्यानं निकालाबरोबर पाठवलेले ते एकसष्ट पिवळे दिवे. सर ते रोज सकाळपासून बघत बसत, जेवायलासुद्धा उठत नसत, असं घरच्यांनी दारातच सांगितलं होतं.

महिपतीनं पायाशी बसून सगळं सांगितलं. सरांनी टॅबलेटवरची नजर काढली नाही.

"असंल," ते म्हणाले. "तुरटी तुझी असंल, महिपा. पण हे एक्क्याण्णव माझेच हायत. हे पोरगं बघ, कसं धापा टाकतंय. आणि मी टाळ्या वाजवतोय."

महिपती म्हणाला, पण सर, शंभूच्या वेळी पिवळा लागलाच नव्हता, शेवटपर्यंत हिरवा होता, निकालातसुद्धा तसंच लिहिलंय. सरांनी पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं.

"लागला होता. मला आठवतंय. मी बघितला आणि तोंड फिरवलं."

हे खरं नव्हतं. पण ते खोटंही बोलत नव्हते. त्या एकसष्ट दिव्यांमध्ये त्यांनी आणखी एक दिवा स्वतः लावून घेतला होता आणि आता तो त्यांना विझवता येत नव्हता. महिपतीनं दोन-तीनदा तेच सांगून बघितलं. मग सर म्हणाले, आणि समज, खरंच लागला असता, तर काढला असता का मी त्याला?  शिक्षा बरोबर आहे, लोकांना सांग घरी जा म्हणून, एवढं बोलून त्यांनी पुढचा तुकडा लावला.

परत येताना वाटेत सारिकाचा निरोप आला : जरा घरी येऊन जा.

शंभू गेल्यापासून महिपती त्या घराची पायरी चढला नव्हता. आज चढला. आतल्या खोलीत शंभूचा फोटो, हार, खाली त्याचे बूट नीट जोडून ठेवलेले. सारिका पार वाळून गेली होती. तिनं त्याला पाट दिला, दार लोटून घेतलं आणि समोर भिंतीला टेकून बसली. आणि महिपतीच्या मनात लख्खकन आलं की सगळ्या जगात हीच एक बाई आहे जिला सगळं माहीत आहे. जुलाब माहीत, फोन माहीत. ही विश्वास ठेवणार. ही कॉलर धरणार. त्याला बरं वाटलं. खरंच सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

पण ती काही वेगळंच बोलायला लागली. त्याचा जबाब कानावर आल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. गाव म्हणत होतं, अण्णा सरांसाठी खोटं बोलले. पण गावाला फोन माहीत नव्हता. त्याला उभा करा, असं तिनं सांगितलं होतं. अण्णांनी उभा केला. म्हणजे मग तिनंच, स्वतःच्या तोंडानं... ते वाक्य तिला पुरं करता येईना. तिनं तोंडात पदर कोंबला आणि तिचे खांदे हलायला लागले.

"अण्णा," ती मग म्हणाली, "मी दुसरं काही विचारत नाही. तुम्ही सरांना वाचवायला खोटं बोललात ना? एवढंच सांगा. खोटंच ना?"

महिपतीच्या जिभेवर खरं होतं. कितीतरी दिवसांचं तिथं येऊन बसलेलं. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि त्याला कळलं की हे खरं जर हिनं ऐकलं, तर ही उद्याचा दिवस बघणार नाही.

"खोटंच, वहिनी," तो म्हणाला. "सरांचे हाल बघवेनात, म्हणून बोललो. मी पट्टीला हातसुद्धा लावला नव्हता. नुसत्या पिंढऱ्या चोळल्या."

"शपथ?"

"शपथ. अहो, त्या यंत्रानंसुद्धा ओळखलं. शंभरात चार दिले मला."

तिनं डोळे मिटून मोठा श्वास घेतला. चाराचा आकडा तिनं ऐकला आणि तिला तो एकदम पटला. जे खरं त्यानं लीगला, फौजदाराला, चौकाला आणि सरांना ओरडून सांगितलं ते कुणी घेतलं नाही, आणि हे एवढंसं खोटं तिनं एका झटक्यात उचललं. तिच्या चेहऱ्यावर थोडं रक्त आलं. ती उठली, चुलीवरचं झाकण काढलं, दोन ताटं घेतली. भाकरी वाढता वाढता तिचा हात थांबला.

"म्हणजे सरांनीच केलं," ती हळूच म्हणाली. "मला इतके दिवस वाटत नव्हतं. सगळ्यांशी भांडत होते मी, सर तसं करणार नाहीत म्हणून. पण तुम्ही नाही, आणि त्या खोलीत दुसरं कोण होतं?"

महिपतीनं ताट पुढं ओढलं.

"अण्णा, सरांनीच ना?"

त्याच्या पुढ्यात भाकरी होती. समोर ती बसली होती, ताट घेऊन, उत्तर आलं की पहिला घास घ्यायला. महिपतीनं हो म्हणून मान हलवली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. त्यालाही खावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सारिका मांडवात आली. पोराची आई आली म्हणून सगळे उठून उभे राहिले. तिनं माइक घेतला आणि फार काही बोलली नाही. खोत सरांना झालेली शिक्षा बरोबर आहे, माझ्या पोराचं नाव घेऊन कुणी त्यांच्यासाठी ओरडू नका, एवढंच म्हणाली. तिच्या शब्दावर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती. धनंजयनं महिपतीकडं बघितलं, अण्णांचं काय म्हणणं आहे ते बघायला. महिपती खाली मान घालून बसला होता. मग कुणीतरी खोत सरांचा फोटो दोरी कापून खाली पाडला.

अर्ध्या तासात मांडव रिकामा झाला. दगड भरलेल्या पिशव्या घेऊन पोरं सरांच्या गल्लीकडं निघाली, जे काल सरांसाठी ओरडत होते तेच. महिपती उठला आणि जमेल तेवढ्या भरभर त्यांच्या मागं चालायला लागला. थांबा रे, मी केलंय, मी केलंय, असं तो ओरडत होता. जाता जाता एक-दोघांनी वळून त्याला नमस्कार केला.